सायकल घाटाकडे बघून घ्या

गेल्या काही वर्षांत मला मेसमध्ये सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न सीमेबद्दलचा नाही, बढतीबद्दलचा नाही आणि पेन्शनबद्दलचाही नाही. तो असा असतो : "सर, ट्रायथलॉन करायची म्हणतोय, सायकल कोणती घेऊ?" विचारणारा कधी पंचविशीतला कॅप्टन असतो, तर कधी माझ्याच वयाचा, पोट सावरून बसलेला कर्नल. पुण्या-मुंबईचे शाळासोबती फोनवरही हेच विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकावे, म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. आयुष्यात एकच चांगली सायकल घेणार असाल, डोंगराळ भागात चालवणार असाल आणि वर्षातून एक-दोन ट्रायथलॉन करणार असाल, तर शर्यतीच्या दिवसाकडे बघून सायकल घेऊ नका. तुमच्या वाट्याला येणाऱ्या सर्वांत अवघड घाटाकडे बघून घ्या. ती सायकल शर्यतही पूर्ण करून देईल. उलटे मात्र होत नाही.

आता कारणे.

आम्हा एनडीएवाल्यांचे सायकलशी नाते जुने आहे. खडकवासल्याला प्रत्येक कॅडेटला एक सायकल मिळते. वर्ग, परेड ग्राउंड, स्विमिंग पूल, सगळीकडे तिच्यावरून, तेही रांगेत. शिक्षा झाली की तीच सायकल आपल्या खांद्यावर बसते. पोहणे सक्तीचे आणि धावणे तर श्वासासारखे. म्हणजे ट्रायथलॉन हा शब्द आमच्यापैकी बहुतेकांच्या कानावर पडण्याआधीच आम्ही तिचे तिन्ही भाग रोज करत होतो, फक्त पदक कोणी देत नव्हते. शब्द सगळ्यांपर्यंत पोचला तो २००० नंतर. त्या वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन पहिल्यांदा खेळली गेली : दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ हे आपल्या सेनेतले डॉक्टर 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यांच्या पाठोपाठ त्याच शर्यतीत नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीही ती पूर्ण केली. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमन ७०.३ आली : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. तेव्हापासून छावण्या-छावण्यांत चाळिशीतली माणसे पहाटे हेल्मेट घालून निघताना दिसू लागली. चांगलेच आहे. प्रश्न फक्त एवढाच, की कशावर बसून निघायचे?

दुकानात गेलात की दोन जातींच्या सायकली समोर येतात. पहिली टाइम ट्रायल किंवा ट्रायथलॉन बाइक. हिचे हँडल पुढे निघालेल्या दोन शिंगांसारखे असते. कोपर टेकवून, पाठ जमिनीला समांतर करून चालवायची. दिसायला लढाऊ विमान. दुसरी रोड बाइक, मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल असलेली. हिच्यातही पोटजाती आहेत. एक शर्यतीची, चालवणाऱ्याला पुढे वाकवणारी. दुसरी लांब पल्ल्याची, जिला एंड्युरन्स बाइक म्हणतात. हिचे हँडल थोडे उंच आणि जवळ, टायर जाड, गिअर हलके. जायंटची डिफाय, ट्रेकची डोमाने, स्पेशलाइज्डची रुबे, कॅननडेलची सिनॅप्स या सगळ्या याच पोटजातीतल्या. मी कोणाची जाहिरात करत नाही, दुकानदाराशी बोलताना जात ओळखता यावी म्हणून नावे दिली.

ट्रायथलॉन बाइक वेगवान असते यात वाद नाही. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना तुमच्या ताकदीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ताकद निव्वळ हवा कापण्यात खर्च होते. म्हणून अंग लहान करणे, डोके खाली घालणे, नळ्या चपट्या करणे या सगळ्याला अर्थ आहे. पण हवेचा हा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो आणि तितक्याच झपाट्याने उतरतो. आठ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ८ मीटर वर नेणाऱ्या रस्त्यावर, तुम्ही ताशी ९ किलोमीटरने जात असता. माणूस, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो वजन धरले, तर त्यासाठी साधारण १८० वॅट लागतात. त्यातले हवेसाठी जेमतेम चार-पाच. बाकी सगळे गुरुत्वाकर्षणाला. तिथे तुमच्या चपट्या नळ्यांकडे वारा ढुंकूनही बघत नाही.

सध्या माझा मुक्काम नीलगिरीत, वेलिंग्टनला आहे. इथून खाली मैदानात उतरायचे तर कुन्नूरहून मेट्टुपालयमचा घाट. रस्त्याने सुमारे ३३ किलोमीटर, चौदा केसपिनी वळणे आणि जवळजवळ चौदाशे मीटर उंचीचा फरक. सायकलवाल्याला उतरण्यात काय कौतुक, परत यायचे असते. याच डोंगरातून ती प्रसिद्ध छोटी आगगाडी चढते. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात तिच्या रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे. इंजिनाचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकते आणि एकेक दात पकडत गाडी वर सरकते, कारण चढ १२ ला १ इतका आहे, म्हणजे आपला आठ टक्केच. साध्या रुळावर नुसत्या चाकांच्या पकडीवर एवढा चढ गाडीला झेपणारा नाही. शंभराहून जास्त वर्षे ही गाडी ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने, कोणाचीही लाज न बाळगता, रोज वर येते. घाटासाठी सायकल निवडणाऱ्याने तिच्याकडे जरूर बघावे. वेग नाही, दात महत्त्वाचे.

सायकलच्या दातांचा हिशोब सोपा आहे आणि दुकानात जाण्याआधी प्रत्येकाने तो करावा. पेडलपाशी जी मोठी चक्री असते तिला चेनरिंग म्हणतात आणि मागच्या चाकावरच्या चक्र्यांच्या गठ्ठ्याला कॅसेट. पुढची सर्वांत लहान चक्री ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठीही ३४ दातांची असेल, तर पेडलच्या एका फेरीत मागचे चाक बरोबर एक फेरी मारते, म्हणजे सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्यात तर ताशी ९ किलोमीटर. वर सांगितलेले १८० वॅट पुरतात. ट्रायथलॉन बाइकवर मात्र बऱ्याचदा पुढे लहान चक्री ३६ दातांची आणि मागे सर्वांत मोठी २८ ची असते. तिथे एका फेरीत सायकल पावणेतीन मीटर जाते. त्याच ७० फेऱ्या ठेवायच्या तर ताशी साडेअकरा किलोमीटरने चढावे लागेल आणि सुमारे २४० वॅट मोजावे लागतील. ते नसतील, तर फेऱ्या ५४ पर्यंत खाली येतील आणि दर फेरीला पायाला ३० टक्के जास्त जोर लावावा लागेल.

हा जादा जोर जातो गुडघ्यात आणि कमरेत. पंचविशीत तो पचतो. चाळिशीत तो मेडिकल बोर्डासमोर बोलतो. नागरी वाचकांना सांगतो, आमच्याकडे दर काही वर्षांनी तब्येतीची कसून तपासणी होते आणि शेप-वन या शेऱ्याला मोठे मोल असते. गुडघा गेला की श्रेणी खाली येते. श्रेणी खाली आली की काही नेमणुका हातातून जातात, कधी बढतीचेही गणित बिघडते. तब्येत राखण्यासाठी घेतलेल्या सायकलने तब्येतीची श्रेणी घालवावी, यासारखा उफराटा व्यवहार नाही. म्हणून माझा पहिला नियम : सर्वांत हलका गिअर एकास एक असावा किंवा त्याहून हलका. पुढे ५० आणि ३४ दातांच्या चक्र्या, मागे ११ ते ३४ दातांची कॅसेट. शिमानोच्या नव्या बारा स्पीडच्या १०५ मध्ये मागे ३६ दातांपर्यंतची कॅसेट मिळते, ती मिळाली तर डोळे झाकून घ्या. "सर, एवढा हलका गिअर लागत नाही" असे सांगणारा तरुण भेटेल. त्याला मसिनगुडीहून उटीकडे येणाऱ्या कल्हट्टी घाटात न्या. ३६ वळणे आहेत आणि काही ठिकाणी चढ दहा टक्क्यांच्या वर जातो. दहाव्या वळणानंतर तो काय म्हणतो ते ऐका.

इथेच वजनाचा विषय निघतो. दुकानदार एका हाताने सायकल उचलून दाखवतो आणि म्हणतो, बघा, एक किलोने हलकी. वजन कमी असणे चांगले, पण त्याची किंमत किती मोजायची ते ठरवा. मेट्टुपालयम ते कुन्नूर हा चढ १८० वॅटच्या दमाने साधारण दोन तासांचा आहे. एकूण ८५ किलोंपैकी एक किलो कमी झाला, तर दोन तासांत वाचतात दीड मिनिटे. त्या एका किलोसाठी दुकानात पन्नास हजार ते लाखभर रुपये जास्त मोजावे लागतात. तेवढाच एक किलो आपल्या पोटावरून उतरवायला मेसमधली रात्रीची गोड वाटी महिनाभर परत पाठवली तरी पुरते. ती सोय बहुतेकांना उपलब्ध आहे.

चढाबद्दल सगळे बोलतात, उताराबद्दल कमी. खरे तर जीव जातो तो उतारावर. नीलगिरीच्या या अंगाला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. धुके, ओले डांबर, वळणावर अचानक समोर येणारी बस, आणि कुठे तरी रस्त्याच्या मधोमध निवांत उभा असलेला गवा. अशा वेळी ताशी ५० किलोमीटरच्या वेगातून थांबायचे आहे. चाकाच्या कडेला रबर घासून थांबवणारे जुन्या पद्धतीचे ब्रेक ओले झाले की आधी पाणी पुसतात, मग पकडतात. तो एक क्षण खूप लांब असतो. म्हणून दुसरा नियम : डिस्क ब्रेक. ट्रायथलॉन बाइकवर आणखी एक अडचण आहे. शिंगांवर कोपर टेकवलेले असताना हात ब्रेकवर नसतात. ते उचलून बाहेरच्या हँडलवर न्यायचे, मग दाबायचे. मोकळ्या सपाट रस्त्यावर ही अडचण नाही. घाटात मात्र ती जिवाशी येणारी आहे, आणि ते हँडलही वळणावर सायकल झुकवण्यासाठी तितकेसे सोयीचे नसते.

ब्रेक तेलाचे असावेत की तारेचे, यावर दोन मते आहेत. तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने दबतो. तासभर उतरताना थंडीने बोटे बधिर झाली की त्याची किंमत कळते. तारेचा ब्रेक थोडा जास्त जोर मागतो, पण कोणत्याही मुक्कामावर पान्याने दुरुस्त होतो. मी तेलाच्या बाजूचा आहे, एका अटीवर : आपल्या ब्रेकमध्ये कोणते तेल लागते ते माहीत हवे. काही कंपन्या मिनरल ऑइल वापरतात, काही मोटारीत असते तसे डॉट ऑइल. एकाच्या जागी दुसरे घातले की आतले सील खराब होतात. नेमणूक अशा ठिकाणी असेल की जवळचे सायकलचे दुकान दोन दिवसांच्या प्रवासावर आहे, तर तारेचे ब्रेक घ्यायला अजिबात कमीपणा मानू नका.

टायरबद्दल थोडक्यात. २३ मिलिमीटरच्या बारीक, दगडासारख्या टणक टायरचा जमाना गेला. २८ किंवा ३० मिलिमीटरचा टायर थोड्या कमी हवेवर आपल्या खडबडीत रस्त्यांवर जास्त आरामात आणि मुळीच कमी वेगाने न जाता पळतो. ओल्या वळणावर त्याची पकडही चांगली. सायकल घेताना विचारा, की या फ्रेममध्ये ३२ चा टायर बसतो का? बसत असेल, तर ती सायकल उद्या तवांगच्या रस्त्यावरही चालेल. नसेल बसत, तर ती फक्त गुळगुळीत रस्त्यांची पाहुणी आहे.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती ट्रायथलॉन. लोकांचा समज असा, की रोड बाइक नेली तर आपण अर्धी शर्यत तिथेच हरलो. तसे नाही. ऑलिंपिकमध्ये एकमेकांच्या मागे राहून, वाऱ्याचा आडोसा घेऊन सायकल चालवायला परवानगी असते आणि म्हणूनच तिथे ट्रायथलॉन बाइकला बंदी आहे. जगातले सर्वोत्तम खेळाडू तिथे साध्या वळलेल्या हँडलच्या रोड बाइकवर असतात. गोव्यासारख्या हौशी शर्यतीत आडोसा घेता येत नाही, प्रत्येकाला पुढच्यापासून ठरावीक अंतर राखावे लागते आणि वारा एकट्याने झेलावा लागतो. तिथे कोपर टेकवण्याच्या शिंगांचा उपयोग होतो. पण ती शिंगे वेगळी विकत मिळतात आणि रोड बाइकच्या हँडलवर चार स्क्रूंनी बसतात. वजन सुमारे अर्धा किलो. वारा अडवतो तो मुख्यतः माणूस, सायकल नव्हे. माणूस खाली वाकला की फायद्याचा मोठा भाग हातात आला. उरलेल्या फायद्यासाठी दुसरी सायकल घ्यायची का, हा प्रश्न नऊ तासांत आयर्नमन पूर्ण करणाऱ्यांचा आहे. तुमचा-माझा नाही.

फक्त एक पथ्य पाळा. रोड बाइकवर शिंगे लावून तसेच पुढे झुकले तर मांडी पोटात रुतते, कंबर आखडते आणि सायकलवरून उतरून धावायला लागल्यावर पाय आपले वाटत नाहीत. त्यासाठी सीट थोडी पुढे आणि किंचित वर घ्यावी लागते. नवी सीट-स्थिती घरच्या घरी तपासता येते. कोपर टेकवून ४० मिनिटे सायकल चालवा, उतरा, बूट बदला आणि लगेच २० मिनिटे धावा. पहिली पाच मिनिटे पाय लाकडाचे होणारच, ते सगळ्यांचे होतात. पण पंधराव्या मिनिटालाही कंबर सरळ होत नसेल, तर हँडल वर घ्या. शर्यतीचा निकाल सायकलवर नाही, त्यानंतरच्या २१ किलोमीटरमध्ये लागतो. सायकलवर दहा मिनिटे कमावून धावताना अर्धा तास गमावणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. घाटात मात्र शिंगे विसरायची. चढताना हात हँडलच्या वरच्या भागावर, उतरताना खालच्या वाकणात, बोटे ब्रेकवर.

याशिवाय आमच्यासारख्यांसाठी आणखी एक कसोटी आहे, ती कोणत्याही मासिकातल्या परीक्षणात नसते. दर दोन-तीन वर्षांनी मूव्ह ऑर्डर येते. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने पुन्हा नाव रंगवायचे, फ्रिज गोधडीत गुंडाळायचा आणि सगळे ट्रकात चढवायचे. त्या ट्रकात सायकलही असते. महूला असताना आम्ही जाम घाटात जायचो, जिथे अहिल्याबाई होळकरांच्या काळातला दरवाजा माळव्याच्या कड्यावर उभा आहे आणि खाली नर्मदेचे खोरे दिसते. तिथून बदली थेट अरुणाचलात, टेंगा खोऱ्यात. दारातून निघाले की बोमडिलाचा चढ. माळव्याच्या पठारावर ९० टक्के रस्ता सपाट, इथे १०० मीटरही नाही. त्यानंतर राजस्थान, जिथे चढ शोधायला उड्डाणपूल गाठावा लागतो. आणि आता नीलगिरी. चार ठिकाणांना चार सायकली घेणारा माणूस एक तर फार श्रीमंत असतो किंवा अविवाहित. बाकीच्यांना एकच सायकल सगळीकडे चालली पाहिजे.

इथे माझ्याच ओळखीतल्या एका तरुण अधिकाऱ्याचे उदाहरण देतो. पंजाबच्या मैदानात नेमणूक असताना त्याने कर्ज काढून कार्बनची सुंदर ट्रायथलॉन बाइक घेतली. तिथल्या कालव्यांच्या काठाने ती बाणासारखी जायची. वर्षभरात बदली डोंगरात झाली. आता ती सायकल त्याच्या गॅरेजमध्ये ट्रेनरवर बांधलेली असते. हप्ते चालू आहेत. तो म्हणतो, "सर, सायकल वाईट नाही, गाव चुकलं." मी म्हणतो, फौजीने गाव बघून काही घेऊच नये, गाव आपल्या हातात नसते.

म्हणून फ्रेम अॅल्युमिनियमची आणि पुढचा फोर्क कार्बनचा, हे जोडकाम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. कार्बन कमकुवत नसतो. पण ट्रकात त्याच्यावर ट्रंक आदळली आणि आत बारीक तडा गेला, तर तो बाहेरून दिसेलच असे नाही, आणि पुढच्या उतारावर दिसून उपयोग नाही. अॅल्युमिनियमला पोचा पडतो, पण तो निदान तोंडावर सांगतो. मागचा गिअर जिथे लटकतो तिथे फ्रेमला एक छोटा धातूचा तुकडा असतो, डिरेलर हँगर. तो मुद्दाम नरम केलेला असतो, म्हणजे धक्का बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. सायकल घेतानाच दोन जादा घेऊन ठेवा. काही शे रुपयांचा हा तुकडा नसल्यामुळे दीड लाखाची सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहिलेली मी पाहिली आहे. प्रवासात मागचा गिअर उघडून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. आणि सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर बसणारी पितळी टोपी जवळ ठेवा. ती लावली की हायवेवरच्या ट्रक टायरवाल्याकडेही हवा भरता येते. दाब मात्र आपणच बघायचा, नाहीतर तो आपुलकीने ट्रकाइतका भरेल.

बॅटरीवरचे गिअर मला आवडत नाहीत असे नाही. पण तार तुटली तर नवी तार खिशात बसते. आठ-नऊ स्पीडचे क्लॅरिस आणि सोरा हे शिमानोचे साधे संच हिणवण्यासारखे मुळीच नाहीत. त्यांच्या चेन स्वस्त, जास्त टिकणाऱ्या आणि लहान शहरातही मिळणाऱ्या. बजेट बेताचे असेल तर क्लॅरिसवर हलका गिअर घ्या, पण १०५ वर जड गिअर घेऊ नका.

पैशांची वाटणी कशी करायची, तेही सांगतो. जेवढे पैसे आहेत ते सगळे सायकलवर उडवू नका. पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा : चांगले हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, दोन जादा ट्यूब, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाणकाराकडून करून घेतलेले माप. सायकलची उंची आणि लांबी तुमच्या पायांना आणि हातांना जुळली नाही, तर बाकीचा हिशोब व्यर्थ. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मापाबाबत सवलतीच्या मोहात पडू नका. दुकानात उरलेली एकच सायकल नेहमी तीस टक्के स्वस्त असते आणि ती नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी मापाची असते.

मग ट्रायथलॉन बाइक कोणी घ्यावी? ज्याच्याकडे एक रोड बाइक आधीच आहे, जो सपाट प्रदेशात कायमचा राहतो, ज्याचे लक्ष वेळेवर आहे आणि वयोगटात पहिल्या काहींत येण्याची ज्याची खरी शक्यता आहे, त्याने जरूर घ्यावी. ती उत्तम वस्तू आहे. पण पहिली आणि एकमेव सायकल म्हणून नाही. सेनेत तोफही असते आणि रायफलही. प्रत्येक जवानाला आधी रायफल देतात, कारण तिच्याबरोबर तो कुठेही जाऊ शकतो.

शेवटी हा सगळा खर्च कशासाठी, हे एकदा स्वतःला विचारावे. शर्यत वर्षातून एक-दोन दिवस असते. उरलेल्या दिवसांपैकी किती दिवस सायकल दाराबाहेर पडते, त्यावर पन्नाशीत आपण जिना कसा चढणार हे ठरते. जी सायकल चढावर छळते आणि उतारावर घाबरवते, तिच्यासाठी पहाटे साडेपाचला पांघरूण बाजूला सारणे हळूहळू जड होत जाते. आधी पाऊस कारण होतो, मग थंडी, मग पाहुणे. जी सायकल घाटातही म्हणते, "चला, आणखी एक वळण," ती तुम्हाला रोज बाहेर काढते. रोज बाहेर पडणारा माणूस शर्यतीच्या दिवशी आपोआप तयार असतो. तेव्हा दुकानात जाण्याआधी हे चार आकडे कागदावर लिहून न्या : मागे ३४ दात, टायरला ३२ मिलिमीटर जागा, डिस्क ब्रेक आणि आपले माप. रंग मुलांना निवडू द्या.